टंचाईने जपलेल्या गाड्या

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला शहरात वीस वर्षांचे आयुष्य ठरवून दिलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावणार नाही, हे कित्येक वर्षे आधीच ठरून गेले होते. तरीही तो दिवस जवळ आल्यावरच सगळ्यांचे कॅमेरे तिच्याकडे वळले. हजारोंच्या संख्येने ती रोज धावत होती, तेव्हा तिचा फोटो काढावा असे फार थोड्यांना वाटले होते. एरवीही रस्त्यात अवचित दिसलेल्या जुन्या गाडीचा फोटो काढणे हा आता अनेकांचा छंद झाला आहे. दादरच्या गल्लीत ताडपत्रीखाली उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड, पुण्याच्या पेठेत दुकानासमोर लावलेली डुक्कर फियाट, पणजीत घराच्या भिंतीलगत थांबलेली एखादी पोर्तुगीज काळातली जर्मन मोटार दिसली की माणूस थबकतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. या छंदाकडे गंमत म्हणून पाहिले जाते. त्यातून जमणारा ऐवज मात्र गमतीपुरता राहत नाही. रस्त्यावर वापरात असलेली जुनी गाडी आणि हौसेने संग्रहात ठेवलेली जुनी गाडी या इतिहासाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीची काळजी घ्यायला मालक, क्लब, संग्रहालये आणि आता कायदाही आहे. पहिलीला कोणी नाही. तिचा जो काही इतिहास उरणार आहे, तो बव्हंशी अशा वाटेत काढलेल्या फोटोंमध्येच उरणार आहे, आणि म्हणून हे फोटो कसे काढले जातात याला महत्त्व आहे.

जुन्या गाड्या आपल्याकडे एवढी वर्षे रस्त्यावर का टिकल्या, हे समजायला त्या नव्या होत्या तो काळ पाहावा लागतो. मुंबईत मोटार आली १८९८ साली. तिच्या पहिल्या मालकांमध्ये जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. पुढची तीन दशके मोटार ही बोटीने येणारी आणि धनिकाने बंदरावरून सोडवून न्यायची वस्तू होती. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीत सुट्या भागांची जुळणी सुरू केली, पाठोपाठ फोर्डही मुंबईत आली आणि शेव्हरोले, फोर्ड ही नावे शहराच्या तोंडी बसली. पण बाहेरून आलेले भाग जोडणे वेगळे आणि गाडी घडवणे वेगळे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी याच देशात बनायला हव्या होत्या. त्या आग्रहातून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, क्रायस्लरशी करार होऊन १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९५१ साली फियाटशी करार झाला. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ साली ओख्याला सुरू होऊन पुढे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. मद्रासला स्टँडर्ड होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारचे धोरण पक्के झाले : देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. तयार गाड्यांची आयात जवळजवळ थांबली. तेव्हापासून १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, मध्यमवर्गीय माणसापुढे मोटारीच्या नावाने फार तर तीन पर्याय होते : ॲम्बॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड.

हे पर्यायही पैसे टाकून उचलण्यासारखे नव्हते; नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे, किती किमतीला विकायच्या हे सरकार ठरवी, आणि या किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७१ साली त्यावर निकाल झाला. नवे मॉडेल आणायला परकीय चलन लागे, आणि देशात खरी वानवा त्याचीच होती. परिणामी फियाट ११०० डी हे मॉडेल इटलीत १९६६ साली बंद झाले, पण कुर्ल्यात ते १९६४ साली ११०० डिलाइट म्हणून सुरू होऊन, सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी असे नाव घेऊन, शतक संपेपर्यंत बनत राहिले. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ॲम्बॅसडर तर १९५०च्या दशकात सुरू होऊन २०१४ साली थांबली. या साचलेपणाला कितीही नावे ठेवली तरी त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावाच लागतो. १९६५ची आणि १९९५ची गाडी आतून जवळजवळ एकच असल्यामुळे एका मिस्त्रीला एक इंजिन आयुष्यभर पुरे. शिकाऊ पोराने उस्तादाच्या हाताखाली जे पाहिले, तेच त्याने स्वतः उस्ताद झाल्यावर केले. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या पेढ्या, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या भागांची दुकाने, चोरबाजार आणि पुण्याची नाना पेठ हे सारे याच व्यवस्थेवर पोसले गेले. जो भाग दुकानात मिळत नसे तो लेथवर तयार होई. नवी गाडी मिळणे अवघड आणि जुनी दुरुस्त करणे स्वस्त, या दोन गोष्टी एकत्र आल्या की गाडी मरत नाही. क्यूबातही १९६०च्या दशकापासून अमेरिकी निर्बंधांमुळे नेमके हेच झाले. तिथे कारण शत्रुत्वाचे होते, इथे धोरणाचे. हवानाच्या आणि मुंबईच्या रस्त्यांवर दिसणारे दृश्य मात्र एकाच अर्थशास्त्रातून आले होते.

या तीन देशी गाड्यांच्या गर्दीत ज्या अनोख्या गाड्या मधूनच दिसत, त्यांची पाळेमुळेही शोधली तर त्याच टंचाईपाशी जातात. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या जीप आणि ट्रक गावोगाव पोहोचले. संस्थानिकांच्या गाड्यांचे मालक संस्थाने विलीन झाल्यावर बदलू लागले आणि १९७१ साली तनखे रद्द झाल्यावर तो ओघ वाढला. वकिलातींतील परदेशी अधिकारी आपापल्या देशांतून गाड्या आणत. ते परत जाताना त्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघत, आणि एखादा व्यापारी किंवा सिनेनट चढी बोली लावून इम्पाला किंवा मर्सिडीज घरी नेई. अशा गाडीचे मूळ इंजिन थकले की सुटे भाग आणायचे कोठून, हा प्रश्न येई. मग तिच्यात ॲम्बॅसडरचे किंवा पर्किन्सचे डिझेल इंजिन बसे आणि मोठ्या अंगाची अमेरिकन गाडी देशी इंधनावर आणखी वीस वर्षे काढी. गोव्याची गोष्ट वेगळी आणि म्हणूनच बोलकी आहे. पन्नासच्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती, पण लोहखनिजाच्या निर्यातीतून गोव्यात परकीय चलन येत होते आणि आयात मोकळी होती. सीमेच्या अलीकडे सावंतवाडीत फियाटसाठी नंबर लावावा लागे, त्याच वेळी पलीकडे जर्मन गाड्या सहज मिळत. १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ही आयात थांबली, पण आलेल्या गाड्या राहिल्या आणि पुढे ‘जीडी’ अक्षरांच्या पाट्या लावून दशकानुदशके फिरल्या. त्यामुळे पणजी-मडगावच्या रस्त्यावर काढलेला जुन्या ओपेलचा फोटो नुसत्या ओपेलचा राहत नाही. दोन राजवटींच्या दोन व्यापारधोरणांमधली रेषा त्यात दिसते.

अशा फोटोतून किती वाचता येते, हे पद्मिनी टॅक्सीच्या उदाहरणाने सांगता येईल, कारण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत साठ हजारांहून अधिक काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य याच जातीच्या होत्या. पाटीवर ‘बीएम’, ‘एमआर’ किंवा ‘एमएम’ने सुरू होणारी अक्षरे असली तर ती गाडी १९८८च्या मोटार वाहन कायद्याआधीची, ‘एमएच ०१’ असेल तर त्यानंतरची आणि ताडदेवची. बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेला, पालथा पाडायचा मीटर दिसला की इलेक्ट्रॉनिक मीटर येण्यापूर्वीचा काळ. टपावर कॅरिअर आणि त्यावर बांधलेल्या बॅगा दिसल्या तर बहुधा डिकीत सीएनजीचे सिलिंडर आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दोन हजार सालापुढे जुन्या टॅक्सी गॅसवर गेल्या आणि डिकीतली सामानाची जागा सिलिंडरने घेतली. एका दाराचा पिवळा रंग टपाच्या पिवळ्याशी जुळत नसेल तर ते दार दुसऱ्या गाडीचे. पुढची जाळी एका वर्षीची आणि मागचे दिवे दुसऱ्या वर्षीचे असतील तर गाडी किती वेळा ठोकली गेली आणि किती हातांतून गेली याचा अंदाज येतो. रंगाऱ्याने हाताने काढलेले आकडे, काचेवरची देवाची किंवा दर्ग्याची खूण, मालकाच्या गावाचे नाव, आतल्या छताला लावलेले फुलाफुलांचे कापड या गोष्टींतून चालक कोठून आला, कोणत्या वस्तीत राहिला, कशावर विश्वास ठेवून गाडी चालवत होता, हेही समजते. यांतले काहीही कारखान्याच्या माहितीपत्रकात नसते. कारखाना एकच गाडी लाखदा बनवतो. त्यातली प्रत्येक गाडी वेगळी होते ती रस्त्यावर.

इथे एक विचित्र योगायोग दिसतो. ज्या टंचाईने गाड्या जगवल्या, त्याच टंचाईने त्यांचे फोटो दुर्मीळ केले. परदेशी कॅमेऱ्याची आणि फिल्मची आयातही परकीय चलनाच्या त्याच कात्रीत सापडली होती. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री हा सामान्य घरातला कॅमेरा. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला आणि ‘इंदू’ फिल्म आली तरी रोल ही जपून वापरायची वस्तूच राहिली. बारा फोटोंत बारसे, सहल आणि आजी-आजोबा बसवायचे असताना रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीवर कोण फोटो खर्चणार? म्हणून घरोघरच्या अल्बममध्ये मोटारीचा फोटो सापडतो तो तिच्या पहिल्या दिवसाचा : बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, पुढे अख्खे कुटुंब. डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आले तेव्हा याच गाड्या शेवटच्या घटका मोजत होत्या, त्यामुळे दुसरा ढीग साठला तो अखेरच्या वर्षांचा. जन्माचे फोटो आहेत, मृत्यूचे आहेत, आणि मधल्या पंचवीस-तीस वर्षांच्या राबण्याचे अगदी थोडे. ही पोकळी थोडीफार भरून काढली ती सिनेमाने. १९५४च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’सारख्या चित्रपटात नायकाच्या मागे जी मुंबई सरकत जाते, तिच्यात त्या वेळची रोजची वाहने नकळत टिपली गेली आहेत. १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’त तर जुनी खटारा गाडीच विनोदाचा विषय आहे, तिच्याकडे तेव्हा लोक कोणत्या नजरेने पाहत, हे त्यावरून कळते. जुनेपण तेव्हा अभिमानाचे नव्हते. ते अडचणीचे होते आणि माणसे ते हसून निभावत होती.

जुन्या गाडीला प्रतिष्ठा मिळाली ती नंतर, आणि ती ठरावीक गाड्यांनाच मिळाली. कलकत्त्यात आणि दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची व्हिंटेज कार रॅली साठच्या दशकापासून सुरू आहे. मुंबईतही असे मेळावे भरत आले आहेत. कोइंबतूरचे जीडी संग्रहालय, अहमदाबादजवळच्या कठवाड्याचा संग्रह, गुरुग्रामजवळ तावडूचे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम यांनी गाड्या वाचवल्या, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण जपताना त्या गाडीचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. रंग मूळ छटेचा दिला जातो, क्रोम चकाकते, परदेशातून मागवलेला अस्सल भाग बसतो, आणि वापराच्या सगळ्या खुणा जातात. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती, तशी ती पुन्हा होते. मधले सारे आयुष्य खरडून काढले जाते. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी तर या दृष्टीला कायद्याचे रूप दिले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नोंदणीला वीस हजार आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात, आणि प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशी कारणे सोडून ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. याचा सरळ अर्थ असा की वारसा म्हणून मान्यता हवी असेल तर गाडीने रस्ता सोडावा. शिवाय पर्किन्सच्या डिझेल इंजिनावर वीस वर्षे प्रवासी वाहिलेली डॉज या व्याख्येत बसतच नाही, कारण जगण्यासाठी तिने जे केले तेच तिच्या विरुद्ध जाते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे टंचाईचे उदात्तीकरण आहे. आठ-दहा वर्षे गाडीसाठी थांबणे, एका मॉडेलवर तीन दशके अडकून पडणे, गुणवत्तेची पर्वा नसलेली मक्तेदारी सोसणे, यात गौरव करण्यासारखे काय आहे? काहीही नाही. त्या व्यवस्थेने केवळ ग्राहकाचेच नुकसान केले असे नाही; कल्पक माणसांचेही केले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९पासून ‘मीरा’ नावाची छोटी, स्वस्त मोटार घडवली, तिच्या सुधारित आवृत्त्या सत्तरच्या दशकापर्यंत काढल्या. पण ती गाडी कधी कारखान्यात उत्पादनाला गेली नाही. परवाने आणि मंजुऱ्यांच्या त्या काळात असे प्रयत्न नमुन्यापाशीच थांबत. मुद्दा एवढाच की एखादा काळ वाईट होता म्हणून त्याचा पुरावा टाकून द्यायचा नसतो. दुष्काळाचा इतिहास लिहिणारा दुष्काळ यावा असे म्हणत नाही. उलट रस्त्यावरच्या गाडीचा प्रामाणिक फोटो हा स्मरणरंजनावरचा उतारा ठरतो. गंजलेला पत्रा, तारेने बांधलेला बंपर आणि फाटकी सीट ज्यात स्पष्ट दिसतात, तो फोटो पाहून जुने दिवस किती सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही. तसे म्हणावेसे वाटते ते रॅलीत रांगेने उभ्या केलेल्या झगमगत्या गाड्या पाहून. टंचाईला शोभेची वस्तू बनवण्याचे काम, करायचेच झाले, तर ते संग्रहातली गाडी अधिक सहजपणे करते.

दुसरा आक्षेप हवेचा आहे. जुनी इंजिने धूर ओकत होती, मुंबईच्या नागरिकांना त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले होते, आणि पंधरा-वीस वर्षांची मर्यादा नसती तर शहराची फुप्फुसे आणखी काळवंडली असती. टॅक्सी काढून टाकण्याचा निर्णय याच कारणाने योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पद्मिनी तिच्या काळातच मागे पडली होती; पट्टे, बळकट सांगाडा, भरवशाचे ब्रेक या बाबतींत तिची बाजू घेता येत नाही. पण हा आक्षेप फोटोविरुद्ध जात नाही. गाडी जितक्या योग्य कारणाने जात असेल, तितकी तिची नोंद ठेवण्याची निकड जास्त, कारण ती परत येणार नाही. नव्या सरकारी पाटीचीच गोष्ट घ्या. एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या जुन्या वाहनांनाही एकसारखी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आहे. चोरी आणि बनावट क्रमांक रोखायला हे आवश्यकच आहे. मात्र त्यासोबत गावोगावच्या रंगाऱ्यांची मराठी आकड्यांची, सावली दिलेल्या अक्षरांची, कडेला वेलबुट्टी काढलेली पाटी संपते. या कलेचा संग्रह कोणत्याही संग्रहालयात नाही. ती जिथे आहे तिथे तिचा फोटो काढून ठेवण्यात पर्यावरणाला किंवा कायद्याला काही धोका नाही.

तिसरा आक्षेप छंदाच्या मुळाशी जातो आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. वाटेत गाडीचा फोटो काढणारा जे वेगळे दिसते तेच टिपतो. हजार पद्मिनींच्या मधून जाणारी एक हेराल्ड त्याला दिसते, हजार पद्मिनी दिसत नाहीत. असा संग्रह पुढच्या अभ्यासकाने प्रमाण मानला तर त्याला वाटेल की १९९५च्या मुंबईत रस्तोरस्ती परदेशी मोटारी होत्या. हा दोष नाकारण्यात अर्थ नाही. तो कसा कमी करता येईल हे पाहायला हवे, आणि ते करून दाखवणारे छायाचित्रकार झालेले आहेत. लँग्डन क्ले याने १९७४ ते १९७६ या काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री उभ्या असलेल्या गाड्यांचे रंगीत फोटो काढले. तेव्हा त्यातल्या बहुतेक गाड्या साध्या, ठोकरलेल्या, कोणाच्याही दारातल्या होत्या. आज त्याच असाधारण वाटतात, आणि त्यांच्या मागची दुकाने, दिवे, पदपथ मिळून त्या शहराच्या हलाखीच्या वर्षांची कैफियत सांगतात. आपल्याकडे रघुबीर सिंह यांनी ॲम्बॅसडरला घेऊन हेच केले. त्यांच्या मृत्यूनंतर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ वे इनटू इंडिया’ या पुस्तकात गाडी दुर्मीळ म्हणून येत नाही; ती सर्वत्र आहे म्हणून येते, आणि तिच्या काचेतून, दारातून, आरशातून देश दिसतो. दोघांनी सामान्य गाडी ती सामान्य असतानाच पाहिली. अनोखेपण हा गाडीचा गुण नसतो. भोवतालच्या बाकीच्या गाड्या निघून गेल्या की उरलेलीला तो चिकटतो. पद्मिनीला तो २०२३ साली चिकटला. छंदाने धडा घ्यायचा तो हाच.

चौथा आक्षेप अभ्यासकांकडून येऊ शकतो : आरटीओच्या नोंदवह्या आहेत, कंपन्यांचे अहवाल आहेत, आयातीची आकडेवारी आहे, मग वाटसरूंच्या फोटोंची गरज काय? गरज अशी की ही सारी कागदपत्रे गाडीच्या आयुष्याची दोन टोके सांगतात. नोंदणी झाली, नोंदणी रद्द झाली. कधी तर दुसरे टोकही सापडत नाही, कारण भंगारात गेलेल्या कितीतरी गाड्या कागदावर जिवंतच राहतात. गाडी मधल्या काळात कशी वापरली गेली, तिच्यात कोणाचे इंजिन बसले, ती घरासमोर उभी राहत होती की मंडईसमोर, तिच्यात पाच माणसे बसत होती की भाजीच्या पाट्या, हे कागद सांगत नाही. अर्थात फोटो कागदाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. तारीख आणि ठिकाण नसलेला फोटो हा अर्धाच पुरावा असतो. गाडीच्या नाकाजवळ जाऊन, मागची गल्ली धूसर करून काढलेला सुंदर फोटो तर अनेकदा इतिहासाच्या कामाचा राहत नाही, कारण त्यात गाडीभोवतीचे जगच कापले जाते. आणि पाटीवरचा क्रमांक हल्ली मालकापर्यंत पोहोचवू शकतो. म्हणून तो सार्वजनिक करताना अक्षरमालिका ठेवावी, शेवटचे आकडे झाकावेत. इतिहासाला मालिकाच लागते, माणसाचा पत्ता लागत नाही.

हे सगळे मान्य केले तर या छंदाची दिशा थोडी बदलावी लागते. इम्पाला दिसली की फोटो काढावाच, पण तिच्यासोबत बाजूची पानटपरी, पलीकडचा थांबा आणि गाडीखाली आडवा झालेला मिस्त्रीही चौकटीत राहू द्यावा. एकाच गाडीचा फोटो काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा काढला तर त्याचे मोल दुप्पट होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज जे डोळ्यांत भरत नाही, तिकडे कॅमेरा वळवावा. शाळेच्या मुलांनी खचाखच भरलेली मारुती ओम्नी, लग्नाचे वऱ्हाड आणि सिमेंटची पोती सारख्याच निष्ठेने वाहिलेली मॅटॅडोर, तालुक्याच्या रस्त्यावर पायरीवर माणसे लटकवून जाणारी ट्रॅक्स, आणि ज्या गाडीने ती तीस वर्षांची टंचाई मोडली ती मारुती ८०० : या गाड्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत, आणि अजून कोणाला अनोख्या वाटत नाहीत. पुढची फेरनोंदणी महाग झाली आहे. एप्रिल २०२२मध्ये पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीसाठी तिचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले. शिवाय आता मॉडेल तीस वर्षे चालत नाही, ते काही वर्षांत बदलते, इंजिनाची नस संगणकात असते आणि लेथवर तिचा भाग घडवता येत नाही. म्हणजे टंचाईने जशा जुन्या गाड्या आपोआप टिकल्या, तशा विपुलतेत टिकणार नाहीत. पद्मिनीने निरोपाआधी कित्येक वर्षांची मुदत दिली होती आणि ती आपण जवळजवळ वाया घालवली. ओम्नी आणि मारुती ८०० एवढी मुदत देणार नाहीत. त्यांचे फोटो त्या क्षुल्लक वाटत आहेत तोवरच काढायला हवेत.